साडू, ट्रक आणि खाट

मोकळ्या जागेकडे आमच्या साडूंइतक्या हावरट नजरेनं बघणारा माणूस उभ्या पुण्यात सापडायचा नाही. विजेवर चालणारे ट्रक शहरात कुठं चार्ज करायचे, हे ठरवायची त्यांची नोकरी. नोकरी संध्याकाळी सुटते, खूळ सुटत नाही. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात सगळे मुलाचा पगार विचारत होते, तेव्हा हे कार्यालयाच्या मॅनेजरला कोपऱ्यात गाठून विचारत होते, "काय हो, तुमचा वीजभार किती मंजूर आहे?" बिचाऱ्याला ते सरकारी तपासनीस वाटले, त्यानं यांच्या ताटात जिलब्यांचा ढीग केला. आमच्याकडे गीझर आणि मिक्सर एकदम लागले की यांचा जीव वरखाली. बायको एकदा वैतागून म्हणाली, "भाऊजी, चटणी वाटतेय मी, ट्रक नाही चार्ज करत!" तर म्हणे, "अगं, सवय आतापासूनच लागलेली बरी."

मार्केट यार्डाजवळच्या जागेचा आराखडा त्यांनी केला आणि ऑफिसात जुंपली. शहरातली दिवसाची नो एंट्री उठेपर्यंत ट्रक नुसते उभेच असतात, तेव्हाच चार्ज करा, ही कल्पना साहेबांना पटली. पण चार्जरशेजारी पंखे, संडास आणि खाटा असलेली शेड बघून ते उखडले. "अहो, चार्जिंग स्टेशन काढतोय आपण, धर्मशाळा नव्हे!"

"ट्रक चार्ज होईल, ड्रायव्हरचं काय?" असं म्हणून साडू अडून बसले. शेड कापलीत तर सही करणार नाही. प्रकरण नोकरीवर आलं, तसा मेव्हणीनं मला समजूत घालायला धाडलं. साडू एवढंच म्हणाले, "आमचे अण्णा जन्मभर ट्रकखाली झोपले हो." अण्णा म्हणजे त्यांचे वडील; ट्रक चालवून त्यांनी यांना इंजिनिअर केलं. समजूत राहिली बाजूला, चहा पिऊन परत आलो.

शेवटी थोडे चार्जर कमी करून शेड झाली. उद्घाटनाला साडूंनी धायरीहून अण्णांना आणलं. म्हाताऱ्यानं खाट चाचपली, पंख्याकडे बघितलं. "लई शांत हाय रं. मला न्हाय हितं झोप यायची," म्हणत आडवे झाले आणि घोरायलाच लागले.

तेवढ्यात हार आले, फोटोवाला आला, कात्री घेऊन साहेब आले. साडू दारात हात आडवा धरून उभे. डोळे डबडबलेले. त्यांना चिडवायचं सोडून मी फोटोवाल्याला मागं खेचलं.

"जरा थांबा साहेब," साडू कुजबुजले, "आपलं पहिलं गिऱ्हाईक झोपलंय."