जिनिंगचे पाच महिने

मी मारेगावच्या एका सरकारी वसतिगृहात कंत्राटी वायरमन आहे. खासगीत वायरमनला किती मिळतं, याचा सर्व्हे होतो आणि त्यावरून आमचं मानधन ठरतं. मागच्या सर्व्हेत जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, वायरमनची वर्षाची कमाई बारानं भागली होती. महिन्याला साडेसात हजार निघाले, तेवढेच मला मिळायचे. जिनिंग कापसाच्या हंगामात पाचच महिने चालते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

यंदा सर्व्हेला नीळकंठराव आले. चिडका माणूस. जिनिंगमालकाचा चहा नाकारून थेट मशीनपाशी गेले आणि वायरमनलाच विचारलं, "वर्षातून किती महिने काम असते तुले?"

'पाच' ऐकताच जुना फॉर्म टेबलावर आपटला. "मंग बारानं कायले भागलं?"

त्यांनी तालुक्यातल्या साऱ्या जिनिंग पालथ्या घातल्या. माझं मानधन अठरा हजार झालं. माझ्या लेकीची, खुशीची फी पहिल्यांदाच वेळेवर भरली.

पेढे घेऊन गेलो तर खेकसले, "पेढे कायले? विचारायचं तेच विचारलं मी."

"तुमचं किती वाढलं, साहेब?"

"मी बी कंत्राटीच. पण ज्या पदांचा सर्व्हे होते, त्या यादीत सर्व्हेवाल्याचं पदच नाही," म्हणाले, आणि डब्यातला पहिला पेढा माझ्याच तोंडात घातला.