ओझरकडे सरकणारा ठिपका

सायकलच्या साखळीला घालायच्या तेलाचा वास आला की बाबांची ती सकाळ आठवते. निवृत्तीनंतर ते रोज सायकलवर जात, म्हणून मी मोबाईलच्या नकाशावर त्यांना गंगापूर धरणाकडचा कमी रहदारीचा रस्ता आखून दिला होता. त्या दिवशी ते कुठे आहेत हे दाखवणारा ठिपका भलतीकडेच, ओझरच्या दिशेने सरकत होता. फोनही उचलेनात. स्कूटर काढून हायवेने गेले, तर ते त्यांच्या जुन्या कारखान्याच्या गेटसमोर घामाघूम उभे होते. वॉचमन समजावत होता, "काका, तुम्ही रिटायर झालात ना?" मी त्यांचा हात धरला. "बाबा, घरी चला." त्यांनी अदबीने हात सोडवून घेतला. "पाळीला उशीर होतोय, मॅडम. तुम्ही कुठल्या खात्यात?" हल्ली ते मला रोजच मॅडम म्हणतात, आणि मी ओ देते.