अलाइनमेंट लागत नाही

गॅरेजात त्यांना सगळे नन्नाकाका म्हणत. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाकांची अलाइनमेंट करून द्या," की काकांचा नन्नाचा पाढा सुरू. आधी गाडी चालवून बघतो. रस्ताच डावीकडे उतरता असला तर धडधाकट गाडीही डावीकडेच जाणार, त्यात तिचा काय दोष? मग पुढची दोन टायरं अदलाबदल करायची. गाडीची ओढ बाजू बदलून बसली तर खोट टायरात. शेवटी चाक उचलायचं, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर हात धरून हलवायचं, सांधा सैल आहे का बघायला. एवढं करून निम्म्या लोकांना ते सांगत, "लागत नाही." मालकाच्या कपाळावर आठी पडे. पडू दे मेल्याच्या.

काकांचा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि का नसावा? मशीनवर गाडी चढवायची, आकडे हिरवे झाले की उतरवायची, याला गॅरेजातली बाकीची मंडळी कारागिरी म्हणत.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास व्हॅनवाल्या बाई आल्या. नऊ पोरं त्या रोज शाळेत आणत आणि घरोघरी सोडत. स्टिअरिंग सरळ धरलं तरी व्हॅन उजवीकडे पळत होती. दोन महिन्यांपूर्वी याच गॅरेजात अलाइनमेंट झालेली, तरी पुढचं नवंकोरं टायर आतल्या कडेनं पार खाल्लं गेलेलं.

काकांनी चाक उचलून हलवलं. टक. पुन्हा हलवलं, पुन्हा टक. स्टिअरिंग वळवलं की चाकाला वळवतो तो टाय रॉडचा सांधा आज-उद्या निसटायच्या बेतात होता. निसटला असता तर बाई स्टिअरिंग फिरवत बसल्या असत्या आणि चाक भलतीकडेच गेलं असतं. असल्या सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या स्टुलावर उभं राहून घेतलेलं माप.

काकांचं टाळकंच सरकलं. "कोणत्या गाढवानं केली ही?" ते सगळ्या कामगारांवर ओरडले. "चाकाला हात लावायला काय झालं होतं? मेहंदी काढली होती का हाताला?"

बाईच हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हीच केलीत. त्या दिवशी रांग होती. तुम्ही म्हणालात, तुमची गाडी माझ्या ओळखीची आहे, चढवा थेट मशीनवर."

काकांना आठवलं. सगळं आठवलं. इतका वेळ ज्याला शिव्या घातल्या, तो गाढव तिथंच चाक धरून उभा होता.

मालक लगबगीनं आला. "जाऊ द्या हो. आत्ता अलाइनमेंट करून सोडा, सांधा मागवून उद्या बदलू. दोन महिने चाललीच की."

"नशिबानं चालली," काका कडाडले. "व्हॅन इथून हलणार नाही. मला काढायचं तर काढा, पण सांधा बसवून झाल्यावर." व्हॅनची किल्ली त्यांनी खिशात घातली.

"अहो, पण तीनला शाळा सुटते," बाई रडकुंडीला आल्या. "पोरं गेटवर उभी राहतील. शाळेला काय सांगू मी?"

"तुम्ही काही सांगू नका. फोन लावून माझ्याकडे द्या."

काकांनी फोनवर धडाधड सांगून टाकलं: आईबापांना पोरं न्यायला बोलवा, व्हॅनचं चाक धोक्याचं आहे, चूक बाईंची नाही, माझी आहे. पलीकडच्या शिक्षिकेनं विचारलं, "म्हणजे इतके दिवस मुलं त्याच व्हॅननं येत होती?"

"हो," काका म्हणाले. "रोज."