बाबल आणि राजाचं पथ्य

बाबल गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच भाताची पेज निवत ठेवली होती. धाकटा भाऊ माझा. साखर त्याच्या अंगात कित्येक वर्षं मुरलेली, त्यामुळे धक्का असा बसला नाही... पेज मात्र तशीच राहिली.

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर तो घोड्यावरून माणसं फिरवायचा. घोड्याचं नाव राजा. देवळातून खाली येणारे भाविक गूळ-खोबरं, लाडू, जे हातात असेल ते राजाच्या तोंडाशी धरायचे. देवाचा प्रसाद, बाबल नको कसं म्हणणार? वर घरी आपल्या ताटातला भातही त्याला घालायचा. एका शिवरात्रीच्या जत्रेनंतर राजा जागचा हलेना. पुढचे पाय लांब टाकून, मागे रेलून उभा. वैभववाडीहून गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी खुराला हात लावला तर खूर तापलेला. ते म्हणाले, "हा गवतावर जगणारा प्राणी. गवताचा चोथा आपल्याला पचत नाही, पण याच्या मोठ्या आतड्यात तो सावकाश आंबतो आणि त्यातूनच याला ताकद मिळते. भात-गुळाचा ढीग गेला की सगळं एकदम आंबतं आणि दाह खुरात उतरतो. असंच चाललं तर हा उभा राहायचा नाही." बाबल तिथेच मला म्हणाला, "बाय, माका भात बंद, तेका गूळ बंद. आता आमी दोघव पथ्याक."

राजाचं पथ्य त्याने पाळलं. गवत बादलीत भिजवायचं, त्यातली साखर पाण्यात उतरली की पाणी ओतायचं आणि मगच ते घालायचं. भाविक रुसले तरी गूळ नाही. पावसाळा सरता सरता राजा पुन्हा वाळूत चालू लागला. बाबलने मात्र भात सोडला आणि नाचणीच्या भाकऱ्यांची चळत लावली. नाचणीत साखर नसते असं मलाही वाटायचं... तिचीही शेवटी साखरच होते, जरा सावकाश, इतकंच. वर माझ्याकडे येऊन, "बाय, वाइच पेज वाढ गो."

"मेल्या, राजाक घालशीत काय?"

"तेका बोलूक येना नाय. तेचा पथ्य मीच सांभाळूक व्हया. माझा तू सांभाळ."

मी अर्धीच वाटी वाढायची. उरलेली तो शेजारी जाऊन पुरी करायचा, हे मागाहून कळलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. "मी आईक सांभाळतंय," असं त्याच्या मुलाने म्हणून झालं. कावळे फांदीवर तसेच. शेवटी मी म्हटलं, "बाबल्या, राजाक कोण गूळ देवचो नाय." एक कावळा खाली उतरला. भूक लागली असेल त्याला. मी तसलं फारसं मानत नाही. पण पिंड भाताचा होता, आणि कोणी अर्धा वाढला नव्हता.

परवा गेले तर पडवीत तीच बादली, गवत भिजत घातलेलं. बाबलची बायको सुमन बादली उचलून निघाली.

"ह्या पाणी खंय ओततंस गो?"

"माडाच्या मुळाक. ते थंयच ओतीत."

मग तिने त्याच माडाचं शहाळं फोडून माझ्या हातात दिलं. पाणी गोड होतं... मी सगळं प्यायले.