मातीला चाललीस

टेम्पोत माझे कुंभारकामाचे चाक चढवून झाले, दोऱ्या आवळून झाल्या, तरी मी पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी उगाच रेंगाळत होते. निरोप घेणे मला कधीच जमले नाही. आई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती. खाली वाकून ती म्हणाली, "घर सोडून मातीला चाललीस. बरं, ये." तेवढ्यात टेम्पो सुरू झाला आणि माझे उत्तर द्यायचे राहून गेले.

उमेदीची वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवण्यात गेली. मातीला हात लावला तो पन्नाशीत, सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या एका वर्गात. विजेच्या भट्टीतून निघणारी भांडी नीटस असत. मला मात्र लाकडाच्या जाळावर भाजायचे होते. ज्वाळा आणि राख भांड्यावर काय उमटवतील हे आधी ठरवता येत नाही, आणि सगळे ठरवून जगलेल्या बाईला त्याचीच ओढ लागली असावी. सोसायटीत धूर कोण करू देणार? आईच्या माहेरी, नांदेडकडच्या कुरुंद्याला, तिच्या वाट्याचे थोडे रान आणि पत्र्याची एक शेड होती. आई पुण्यातच माझ्या भावापाशी राहिली, मी निघाले.

पहिल्याच आठवड्यात टोपले आणि कुदळ घेऊन तळ्याकडे जाताना शेजारच्या रानातल्या कौसल्याबाई भेटल्या.

"कुठं निघालात, मॅडम?"

"मातीला."

त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला. "अगं बाई! कोण गेलं?" आणि मागे वळून नवऱ्याला हाक मारली, "अवो, ऐकलं का, मॅडमच्यातलं कोणतरी गेलं जणू!"

मी गोंधळून कुदळ पुढे केली. कौसल्याबाई हसत हसत बांधावरच बसल्या. "मातीला जाणं म्हंजे मयताला जाणं, मॅडम. 'माती आणाया चालले' म्हणावं." तेव्हापासून शिवारातल्या बायकांना माझी थट्टा करायला विषय मिळाला: मॅडम रोज मातीला जातात अन् रोज हसत येतात.

मीही हसले. पण तळ्याकाठी टोपले भरताना हात थांबला. आई तर कुरुंद्याचीच. पुण्यात राहून तिची बोली पुसली गेली होती. बोलीतले अर्थही पुसले गेले असतील का? गॅलरीतून ती कोणत्या मातीबद्दल बोलली होती? तिच्या स्वतःच्या तर नव्हे? दर रविवारी फोनवर विचारायचे ठरवत असे, आणि तब्येत, पाऊस, भाजी एवढ्यावर बोलून फोन ठेवत असे. भीड आईचीही वाटते, हे तुमच्यापैकी जे दूर गेले त्यांना मी सांगायला नको. जे घरी राहिले त्यांना मात्र कदाचित सांगायला हवे.

दिवस सरले. माझ्या भट्टीच्या धुराचे कुणाला नवल वाटेनासे झाले, कारण हळद शिजवायच्या दिवसांत सगळे शिवारच धुरात असते. नांदेडहून, पुण्याहून लोक कप-वाडगे मागवू लागले. कळमनुरीच्या बाजारात मात्र एका म्हाताऱ्याने माझा कप डोळ्यांसमोर धरून विचारले, "बाई, हे माणसाला पाणी प्यायला हाये का चिमणीला?" त्या दिवशी मी सगळी भांडी परत आणली, तरी उगाच आनंदात होते. फोनवर आईला हे सांगितले, तेव्हा तीही पुष्कळ हसली.

ते हसणे शेवटचे ठरले. भट्टीत बाभळीची लाकडे सारत असताना भावाचा फोन आला. मी जाळासमोर नुसती उभी राहिले. कौसल्याबाईंनी माझ्या हातातले लाकूड काढून घेतले. "तुमी निघा. जाळ आमी दोघं पाहतो."

मी पोचले तेव्हा भाऊ स्मशानातून परतला होता. त्याने वाट पाहिली होती, पण रस्ता लांब होता.

परतल्यावर आम्ही दोघींनी भट्टी उघडली. ज्या बाजूला कौसल्याबाईंनी तुराट्या घातल्या होत्या, तिथल्या भांड्यांवर राखेचे करडे ओघळ उतरले होते. तसे ओघळ मला आजवर साधलेले नव्हते.

"मातीला पोचलात का?" त्यांनी हळूच विचारले.

मी नकारार्थी मान हलवली, आणि कधी कुणाला न सांगितलेले आईचे ते वाक्य त्यांना सांगून टाकले.

त्यांनी एका ओघळावरून बोट फिरवले. "'ये' म्हणली ना? मंग ती माती न्हाई. मयताला निघालेल्या माणसाला कोणी 'ये' म्हणत नसतं. तुमच्या आईला ठावं होतं ते. तिनं ही माती म्हणली, भांड्याची."

"हो," मी म्हणाले.

म्हणाले खरी. पण टेम्पोचे इंजिन तेव्हा सुरू झाले होते. 'बरं' मी नक्की ऐकले. 'ये' मात्र जितक्या वेळा आठवते, तितक्या वेळा अधिक स्पष्ट ऐकू येते, आणि म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही. ते तिचे होते की मला हवे होते, हे विचारायला आता कुणी नाही.

आता माती आणायला निघाले की बांधापलीकडून कौसल्याबाई मुद्दाम विचारतात, "मातीला का, मॅडम?"

"मातीला."

"बरं, ये."

एरवी त्या मला अहो-जाहो करतात; एवढा एकच शब्द एकेरीत. मी थांबते, "येते" असे मोठ्याने म्हणते, आणि मगच पाऊल उचलते. बोलताना नजर मात्र बांधाकडे जात नाही. ती वर जाते, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, जिथे कुरुंद्यात आभाळाखेरीज काहीच नाही.