ड यादीतला बस्ता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या लोकांत मी भला माणूस म्हणून म्हातारा झालो, आणि तो भलेपणा आता अंगाला चिकटून बसलाय — काढू म्हटलं तरी निघत नाही.

आमच्या बैठकीत, भिंतीवर, एक मोडकी गिटार टांगलेली आहे. मान खांद्यापाशी तुटून लोंबते. पोटाची फळी आत दबली आहे. सहापैकी दोन तारा उरल्यात, त्याही गंजलेल्या. घरी आलेला माणूस चहा पिता पिता वर बघतो आणि विचारतो — अरेरे, कशी मोडली हो? आणि मी सांगतो. सोनकांबळेनं मोडली. चाळीसेक वर्षं सांगतोय.

थांबा — एकदम तिथं जाता येत नाही मला. आधी गिटारचं सांगतो.

माझे मामा पूर्ण्याला रेल्वेत होते. शाळेसाठी मी त्यांच्याकडे राहिलो. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती गार्डसाहेब राहायचे, पीटरमास्तर म्हणायचो त्यांना. मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला शिकवलं, आणि रिटायर होऊन गोव्याकडे निघाले तेव्हा गिटार माझ्या हातात ठेवली. "संभाळ," एवढंच म्हणाले. आमच्या चाकूरकडच्या घरात टाळ होते, मृदंग होता. गिटार कुणी पाहिली होती? आई तिला 'इलायती तुणतुणं' म्हणायची. पण अख्ख्या कुटुंबात, अख्ख्या गावात, ते वाजवणारा मी एकटा होतो. आणि एकटा असणं मला फार आवडायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

नोकरी लागली उस्मानाबादला, एका सरकारी कचेरीत. कारकून. सोनकांबळेही तिथंच. माझ्याच वयाचा, सावळा, कमी बोलणारा. औशाकडचं बौद्ध घर, वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. कामात माझ्यापेक्षा चोख होता — हे आज म्हणतो, तेव्हा जीभ झडली असती तरी म्हणालो नसतो.

एका वर्षी कचेरीचं स्नेहसंमेलन होतं. नवे साहेब पुढच्या खुर्चीवर. मी गिटार घेऊन स्टेजवर बसलो, सुरुवात केली — आणि खालून सोनकांबळे अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणाला, "बिराजदारसाहेब, चौथी तार उतरली हाय. जरा चढवून घ्या." हशा पिकला. मी खुंटी पिळली, ती आणखी बिघडली. साहेब म्हणाले, अहो, त्यांनाच बोलवा की! तो आला. त्यानं आयुष्यात गिटार धरली नव्हती. तोंडानं सूर धरला, एकेक तार त्या सुराला टेकवत गेला, मिनिटभरात सहाही तारा जुळल्या. टाळ्या पडल्या. मग दोन्ही हातांनी गिटार मला परत दिली, जणू काही माझा मानच राखत होता.

त्या दिवशी मी डूख धरला. त्यानं काय वाईट केलं होतं? काहीच नाही. म्हणूनच तर राग जास्त. वाईट वागला असता तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. आणि खरं सांगायचं तर — माझ्या गिटारला त्याचा हात लागला, हेही मनात होतं. कुणाचा हात, ते मी सांगायला नको.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. आमच्यापैकी निम्म्यांना लातूरला जायचं होतं आणि दप्तरही वाटून न्यायचं होतं. दप्तर म्हणजे लाल कापडात बांधलेले बस्ते, शेकड्यांनी. त्यांची प्रतवारी असते. 'अ' म्हणजे कायम जपायचं, 'ब' आणि 'क' त्याखालोखाल. 'ड' म्हणजे रद्दीच, वर्षभरानं जाळायची. प्रत्येक बस्त्यावर अक्षराची चिठ्ठी डकवलेली. ट्रक भरून घेण्याची आणि बस्ते मोजून यादी करण्याची जबाबदारी सोनकांबळेवर होती.

मला गिटार न्यायची होती. एस.टी.च्या टपावर टाकायची छाती होईना. सरकारी ट्रकमध्ये खाजगी सामान चालत नव्हतं. सोनकांबळेला एक शब्द टाकला असता — 'जरा बघा, पुढं ड्रायव्हरजवळ ठेवा' — तर त्यानं ठेवली असती. पण त्याच्याकडे शब्द टाकायचा? मी? म्हणून मी गिटार जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळली, लाल कापडात बांधली. नकाशांचे बस्ते असेच लांबोडके असतात, कुणाला शंका आली नाही. वर माझ्या अक्षरात चिठ्ठी डकवली — 'ड'. 'ड' का? कारण 'ड'चा बस्ता कुणी उघडून बघत नाही. केवढा हुशार मी! इतकी वर्षं कारकुनी केलेला माणूस, पण एक गोष्ट विसरलो. 'ड'चे बस्ते हमाल उचलत नाहीत, फेकतात. आणि तळाशी घालतात.

लातूरला ट्रक रिकामा होत होता तेव्हा मी तिथं उभा होतो. सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या खालून, माझा बस्ता निघाला. हातात घेतला आणि आतून लाकडाचा चुरा खुळखुळला. तो आवाज अजून कानात आहे. मी कापड सोडलं. आणि कापड सोडता सोडताच — हे बघा, इथं आलो मी — सोडता सोडताच चिठ्ठी ओरबाडून खिशात घातली.

मग ओरडलो. सगळ्या कचेरीसमोर. "सोनकांबळे, हे काय केलंत? मी तुमच्या हातात दिली होती ना? नीट ठेवा म्हणून सांगितलं होतं ना?"

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याला शंभर जणांनी शंभर गोष्टी सांगितल्या होत्या. खाली बघून म्हणाला, "सांगितलं असंल साहेब. गडबडीत इसरलो मी. लई वाईट झालं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्या. आणि कुणालाही शंका आली नाही. का येईल? आमच्या लोकांत त्याचं आडनाव ऐकलं की निम्मा गुन्हा आधीच शाबीत असायचा. मला फार खोटं बोलावंच लागलं नाही.

त्या साली पाऊस फिरकला नव्हता. लातूर नवा जिल्हा खरा, पण नळाला पाणी आठ-आठ दिवस नसायचं. माझी मुलगी चार महिन्यांची होती. सोनकांबळेच्या गल्लीत एक हापसा होता, तो अजून चालू होता. एके दिवशी सकाळी तो सायकलच्या दोन्ही बाजूंना घागरी बांधून दारात उभा. त्याची बायको अंधारातच नंबर लावायची आणि हापसायची. म्हणाला, "घरात लेकरू हाय तुमच्या. राहू द्या." मी घागरी आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. चाकूरहून आई राहायला आली होती, ती त्याच्या घरचं पाणी प्याली नसती. तिला मी सांगितलं, टँकरचं आहे. तीही उन्हाळाभर प्याली.

मला वाटायचं, तो गिटारीची भरपाई करतोय. आणि मला गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू? दारात त्याची सायकल वाजली की मी मुद्दाम सावकाश उठायचो.

एका रविवारी तो नांदेडला जाऊन आला, स्वतःहून. तिथं गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला पेट्या-तंबोरे दुरुस्त करणारे एक म्हातारे सरदारजी होते. त्यांना त्यानं हातांनी माप दाखवून सगळं समजावलं होतं. "होतंय म्हणले. मान सरसानं चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवतात, फळी नवी घालतात. पंधरा दिवस. पहिल्यापेक्षा गोड वाजंल म्हणले. मीच नेऊन आणतो, तुम्ही नुसतं हाव म्हणा."

त्या वेळी माझी बोटं शिवशिवत होती, शपथेवर सांगतो. रिकामा बसलो की डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप सूर दाबायची. पीटरमास्तरांचं 'संभाळ' आठवायचं. दोन दिवस मी विचार केला. 'हाव' म्हणायला काय लागत होतं? पण एकदा का गिटार दुरुस्त झाली, की सोनकांबळे सुटला. मग मी लोकांना काय दाखवणार? त्याच्या मानेवर काय ठेवणार? आणि वर लोक म्हणणार — बघा, सोनकांबळेनंच पुन्हा सुरात आणली. दुसऱ्यांदा!

मी म्हणालो, नको. मोडलेलं ते मोडलं. आणि त्याच संध्याकाळी भिंतीत खिळा ठोकून ती मोडकी गिटार बैठकीत टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. घागरी घेऊन आला की त्याला दिसेल अशी.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण आणखी आहे.

दोन महिन्यांनी दप्तराची मोजदाद झाली. सोनकांबळेच्या यादीपेक्षा 'ड'चा एक बस्ता कमी भरला. भरणारच. तो बस्ता म्हणजे माझी गिटार होती, आणि त्याची चिठ्ठी माझ्या पाकिटात होती. पण कागदावर काय दिसत होतं? सरकारी दप्तर गहाळ. सोनकांबळेला मेमो मिळाला. चौकशी लागली. त्याची बढती ठरलेली होती, ती थांबली, आणि त्या जागी माझं नाव लागलं. मी पेढे वाटले. त्यालाही दिला. चिठ्ठी पुढं केली असती तर तो त्याच दिवशी मोकळा झाला असता. मी अडकलो असतो, एवढंच. मी ती पुढं केली नाही. भीतीनं? थोडी भीतीही होती. पण जास्त करून मला त्याला बुडताना बघायचं होतं.

मेमो आल्यावरही पाणी येतच राहिलं. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं.

मिरगाच्या तोंडावर त्याची बदली हिमायतनगरकडे झाली. जायच्या दिवशी शेवटच्या दोन घागरी घेऊन आला. आत आला नाही. बायकोनं मुलीला दारात आणलं, त्यानं तिच्या गालाला बोट लावलं. मग मला जरा बाजूला घेतलं आणि संमेलनात बोलला होता तितक्याच हळू बोलला.

"बिराजदारसाहेब, त्या बस्त्यावर 'अ' लिवायचं होतं. 'अ' असतं तर मी लातूरपतोर मांडीवर घिऊन बसलो असतो."

बस. सायकलवर टांग टाकली आणि गेला. रिकाम्या घागरी वाजत गेल्या.

म्हणजे मोजदाद झाली त्या दिवसापासून त्याला सगळं कळलं होतं. तरी साहेबांकडे गेला नाही. तरी पाणी आणलं. ती भरपाई नव्हतीच, पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं होतं तेच खरं होतं — घरात लेकरू होतं. माझा सूड त्याच्या नोकरीला लागला, त्याला लागलाच नाही. मला लाज वाटली असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? नाही वाटली. मला राग आला. माझ्या डोक्यावर त्यानं ठेवलेलं ते ओझं — ते मला सहन झालं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, मी तो पीळ आहे. त्यानंतरही जो विचारील त्याला सांगत राहिलो — सोनकांबळेनं मोडली. उलट जास्तच रंगवून.

तो वारल्याचं मला चार-पाच वर्षांपूर्वी कळलं. मी गेलो नाही.

गेल्या रविवारी मुलगी आणि जावई आले होते. जावईबापूंना हौस आहे. त्यांनी गिटार भिंतीवरून उतरवली, मान हातात धरून नीट पाहिली आणि म्हणाले, "बाबा, ही अजून दुरुस्त होईल. नेऊ का? कुणी मोडली एवढी?"

पाण्याचा तांब्या घेऊन मुलगी आतून आली. तिनंच उत्तर दिलं. "सोनकांबळे म्हणून एक माणूस होता. बाबांनी त्याला कधी माफ केलं नाही."

मी जावयांच्या हातून गिटार घेतली, परत खिळ्याला अडकवली आणि म्हणालो, "हाव. तोच."