निशिकांतचं एको पेडल

भुताखेतांचे अनुभव मी इथे वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. माझं आयुष्य इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये गेलंय. मीटर दाखवेल तेवढंच खरं, असा माझा खाक्या. तरीही आज लिहायला बसलेय...

शनिवार पेठेत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट. माझा नवरा निशिकांत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, घरी मुलांना शिकवायचा. तो गेला तेव्हा इरा, आमची मुलगी, पाळण्यात होती. गिटार मी देऊन टाकली. त्याचं एको पेडल तेवढं कपाटात जपलं — पायाने दाबायची डबी, वाजवलेला सूर जराशाने पुन्हा ऐकवणारी.

इरा आता कॉलेजात आहे. तिने मॉड्युलर सिंथ जमवलाय, म्हणजे वायरींनी एकमेकांना जोडलेले आवाजाचे डबे. मध्यंतरी म्हणाली, "आई, बाबाचं पेडल यात बसवून दे ना."

"आणि बिघडलं म्हणजे?"

"कपाटात तरी कुठे वाजतंय?"

मी पेडल कपाटातून काढलं. पण ते उघडायचा धीर होईना हो. त्याचं चालू असलेलं तेवढंच उरलं होतं. सिंथचा सिग्नल पेडलला झेपत नाही, तो आत जाताना कमी करायचा आणि बाहेर येताना वाढवायचा. त्याचे सुटे भाग आणायला बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाले, "पेडल गिटारला लावतात, मॅडम. गिटारच घ्या, सुटाल."

रविवारी दुपारी सगळं जोडलं. इरा कीबोर्डवर स्वतःचीच एक नवी चाल शोधत होती. सूर, मागोमाग एको... अगदी व्यवस्थित. मग ती अडली. पुढचं सुचेना, बोट हवेतच. आणि स्पीकरमधून एक सूर आला — हलकेच. तिने न वाजवलेला! तिने तोच वाजवला, चाल पुढे सरकली. पुन्हा अडली, पुन्हा आला.

मला रडूच फुटलं. निशिकांत असाच शिकवायचा. मूल अडलं की रागवायचा नाही, चूक काढायचा नाही. पुढचा सूर हळूच वाजवायचा आणि थांबायचा. इराला हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

मग सगळी जोडणी तपासली. पेडल आवाज धरून ठेवतं ते जेमतेम क्षणभर, वीज गेली की तेही पुसलं जातं. मी स्वतः वाजवून पाहिलं, तर साधा एको. मुद्दाम अडले, तर शांतता. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"परत उघडून बघूया?" इराने विचारलं.

त्या सुरांचं कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि शोधायचं तर उघडावंच लागेल. स्क्रू ड्रायव्हर हातातच होता. मी तो खाली ठेवला.

"नको," मी म्हटलं. "शिकवतोय तोवर शिकून घे."